मास्तरांच्या वहीतला कौल

मंडळी, नऊ गावांतून आलेल्या मंडळींनो,

मला पहिला बोलायला उभं केलंय. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव सरपंचांच्या वर आहे, फादरांच्याही वर आहे. हे का, ते मला सभा सुरू होण्याआधी दहा मिनिटांपर्यंत ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. ते शेवटी सांगतो, कारण ते आत्ता सांगितलं तर पुढचं बोलता येणार नाही.

बोलणं कठीण आहे. तसा मी बोलका माणूस. शाळेत संस्कृत शिकवलं, पंचवीसेक वर्षं वार्ताहर म्हणून बातम्या पाठवतोय, आणि या किनाऱ्यावरच्या निम्म्या शोकसभांत मी बोललोय. माझं ठरलेलं असतं. एक श्लोक, देह आणि वस्त्राची उपमा, एक आवंढा, नमस्कार. आज श्लोक नाही. मास्तरांना माझे श्लोक पाठ झाले होते. मी पहिला चरण म्हटला की ते मागून हळूच म्हणायचे, "नानानू, ह्यो गेल्या शोकसभेतलो."

इनास मास्तर गेले. मागच्या मंगळवारी सकाळी छातीत कळ आली. समोरच्या घरातल्या पास्कूने गाडी काढली, आणि तळेऱ्याचा तिठा यायच्या आधीच सगळं संपलं होतं. हे तुम्हांला माहीत आहे. खुरीसवाडीच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं आणि गेले पाच हंगाम आपल्या नऊ गावांच्या व्हॉलीबॉल स्पर्धेचं वेळापत्रक केलं, हेही माहीत आहे.

आता तुम्हांला माहीत नसलेलं सांगतो. मला या माणसाचा हेवा वाटत होता. वाटत होता असं भूतकाळात म्हणणं शोकसभेला शोभतं, पण ते खरं नाही. आत्ता, या मैदानात, जाळ्याच्या दोन खांबांमधे त्यांचा फोटो बघतानाही वाटतोय. नऊच्या नऊ संघांचे कप्तान आलेत. पुळणवाडीची मंडळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं अर्धं ओढलेलं ठेवून आलीत. माझ्या वेळी कोण कोण येईल याचा मी मघाशी खुर्चीत बसून अंदाज घेतला. दोन बाकं पुरतील.

हेवा कुठून सुरू झाला? पुठ्ठ्यावरून.

मास्तरांच्या आधी बावीस वर्षं हे वेळापत्रक मी करायचो. जुन्या लोकांना आठवत असेल. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा गोल कापलेला, कडेला नऊ गावांची नावं, मधे खिळा. दर फेरीला चक्र एक घर फिरवायचं. समोरासमोर येतील त्यांचा सामना, आणि वरच्या खुणेसमोर येईल त्या गावाला त्या रविवारी विश्रांती. नऊ संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ, छत्तीस सामने, नऊ रविवार. चक्र कधी चुकत नसे. चुकायची ती माणसं. पुळणवाडीचं मैदान पडतं वाळूवर, उधाणाला निम्मं पाण्यात. कोणाकडे पालखी, कोणाकडे जत्रा, कोणाला सलग तीन रविवार परगावी जायला टेम्पो परवडत नाही. मग मी पंचांग घेऊन बसायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, ती काढायची, हे सरकव, ते सरकव, याच्या पाया पड, त्याला चहा पाज. दसऱ्याला सुरू केलेलं दिवाळीला कसंबसं उभं राहायचं आणि तरी दोन गावं रुसलेली असायची. पण ते वेळापत्रक माझं होतं. बाजारात लोक विचारायचे, "नाना, आमचो रविवार खंय टाकलास?" देवासारखं वाटायचं.

मग एका दसऱ्याला मास्तर आले, काखेत लॅपटॉप. माझ्या पडवीत बसले. म्हणाले, "नानानू, तुमचा चक्र बरां आसा. पण तेका बिचाऱ्याक उधाण काय ठावक नाय." मी म्हटलं, "आणि तुमच्या पेटीला ठाऊक आहे?" तर म्हणाले, "तिका सांगला तर कळता."

त्या विद्येला कन्स्ट्रेंट प्रोग्रामिंग म्हणतात. मला त्यांनी ती जेवणाच्या पंगतीवरून समजावली, आणि मला शिकवायला आलेल्या माणसावर राग धरणं माझा जुना छंद असल्यामुळे मी ती लक्षपूर्वक ऐकली. म्हणाले, लग्नाची पंगत बसवतास ना, तशीच ही. यंत्राला कसं बसव ते सांगायचंच नाही. काय चालणार नाही तेवढं सांगायचं. हा मावसा त्या काकाशेजारी नको. आजीला वाऱ्याची बाजू नको. मग यंत्र एकेकाला बसवून बघतं. एक बसला की त्याच्यामुळे बाकीच्यांच्या कुठल्या जागा गेल्या त्या खोडतं. कोणाला एकही जागा उरली नाही, की मागे जातं, आधीच्याला उठवतं, दुसरीकडे बसवतं. "लाजणा नाय, कंटाळणा नाय, कोणाक च्या पाजणा नाय," मास्तर म्हणाले. मी चहा ओतत होतो.

आणि त्यातली एक युक्ती त्यांनी सांगितली होती. ज्याला बसवणं सगळ्यांत कठीण, त्याला पहिला बसवायचा. रुसलेला, अडून बसलेला, जागाच मिळत नाही असा जो असेल, तो आधी. बाकीचे भले लोक असतात, ते कुठेही मावतात. ही युक्ती लक्षात ठेवा.

त्या वर्षी त्यांनी सगळ्या गावांच्या अटी यंत्राला दिल्या. मी दसरा ते दिवाळी जे करायचो, ते चार मिनिटांत झालं. चार मिनिटं मी घड्याळ लावून मोजली. कुणी रुसलं नाही. आणि त्याची बातमी कुणी लिहायची? मी. आमच्या दैनिकात वार्ताहराचं नाव छापत नाहीत, 'वार्ताहराकडून' एवढंच येतं. पंचवीस वर्षांत माझं नाव एकदाही छापून आलेलं नाही. त्या बातमीत मास्तरांचं नाव सात वेळा होतं, वर फोटो. सातही वेळा मीच लिहिलं होतं.

पुन्हा तो माणूस असा, की वेळापत्रकाच्या खाली त्यांनी ओळ टाकली: 'अटी संकलन: नाना'. कप्तानांना म्हणाले, यंत्र चालवायला कोणीही मिळेल, पण नऊ गावांच्या खोडी फक्त नानांना ठाऊक. अटी त्यांच्याकडे द्या, ते मला देतील. म्हणजे मान काढून घेतला आणि परत अर्धा हातावर ठेवला. याचा राग कसा करायचा ते मला दोन वर्षं सुचेना.

आमच्या शास्त्रांत असूयेची व्याख्या केलेली आहे. दुसऱ्याच्या गुणात दोष शोधणं म्हणजे असूया. मी प्रामाणिकपणे शोधला. दोन हंगाम शोधला. सापडला नाही. तिसऱ्या हंगामात मी तो तयार केला.

आता इथून पुढे, पास्कू, तू ऐक. पास्कू म्हणजे रोझीबायचा भाऊ, मास्तरांचा मेव्हणा, खुरीसवाडीचा कप्तान. मागे माडाखाली उभा आहेस तो पुढे ये म्हणत नाही. तिथूनच ऐक.

खुरीसवाडीत मास्तरांबद्दल एक गोष्ट बोलली जाते. आज कोणी बोलणार नाही, पण इथल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. 'मास्तरान आपल्याच गावचां फेस्त दुसऱ्याक दिल्यान.' तीन हंगाम झाले. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या रविवारी खुरीसवाडीला विश्रांती, हे माझ्या चक्राच्या काळापासून ठरलेलं. तीन वर्षांपूर्वी ते गेलं. फेस्ताच्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटपून, सोरपोतेल आणि सान्नां खाऊन पोरं तडस लागलेल्या पोटाने मैदानात उतरली आणि हरली. पुढच्या वर्षी उपाशी उतरली, तरी हरली. कप्तानांच्या बैठकीत पास्कूने उभं राहून विचारलं होतं, "भावजी, आमचां फेस्त खंय गेलां?" मास्तर म्हणाले होते, "माझी चूक, पास्कू. खंयच बसणा नाय." त्या दिवसापासून हा गडी बहिणीच्या घरची पायरी चढला नाही. समोर राहतो. मधे एक दगडी गडगा. मागच्या मंगळवारी चढला, मास्तरांना उचलून गाडीत घालायला.

ती चूक मास्तरांची नव्हती.

झालं ते असं. अटी गोळा करणारा मी. प्रत्येक गावाने दिलेल्या मी नेऊन देत होतो. त्या वर्षी त्यांत एक जादा घातली. लिहिलं: कातळवाडीच्या देवाचा कौल झाला आहे, जत्रेआधी हंगामाचे पहिले चार रविवार संघाने गावाची शीव ओलांडायची नाही. देवळात पाषाणाला फुलं लावून घेतलेला कौल. आपल्याकडे त्याला उलट कोण विचारतो? दुसऱ्या गावचा तर नाहीच, आणि ख्रिस्ती मास्तर तर मुळीच नाही. तो हिशोब मी केलेला होता.

बाबल, बस खाली. कातळवाडीचा कप्तान आहे हा, अजून ओळखत नसाल त्यांच्यासाठी. तुझा देव काही बोललेला नाही. तीन वर्षं तू मिशीला पीळ देत सांगतोयस, "आमका सुरवातीचे सामने घरात, संगणकाची कृपा." ती कृपा माझी होती.

आणि ती अट मी उगाच नाही निवडली. बावीस वर्षं चक्र फिरवलेला माणूस आहे मी, कुठे अडेल ते मला कळतं. बघा. कातळवाडी चार रविवार घरी. पण आपला नियम आहे की कुठल्याही संघाने सलग दोनपेक्षा जास्त रविवार घरच्या मैदानात खेळायचं नाही. म्हणजे त्या चारांत त्यांची विश्रांती दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रविवारी आलीच पाहिजे, नाहीतर सलग तीन होतात. आता एका रविवारी विश्रांती मिळते एकाच गावाला. दुसऱ्या रविवारी पुळणवाडीची पालखी, विश्रांती त्यांची. तिसऱ्या रविवारी खुरीसवाडीचं फेस्त, विश्रांती यांची. संपलं. चार अटी, एकेकटी घेतली तर साधी, चारी एकत्र घेतल्या तर ब्रह्मदेवालाही वेळापत्रक करता येणार नाही. मग त्या पेटीला कुठून येणार? मला एकदाच बघायचं होतं. ती पेटी अडलेली. मास्तर हात जोडून माझ्या पडवीत, आणि मी कोनाड्यातून पुठ्ठा काढतोय.

मास्तर आले. तिसऱ्या दिवशी. हात जोडलेले नव्हते, हातात चिकूची पिशवी होती. बसले. म्हणाले, "नानानू, यंत्र म्हणता जुळणा नाय." मी म्हटलं, अरेरे. केवढ्या आनंदाने म्हटलं ते माझं मला ठाऊक. ते म्हणाले, "नुसता नाय म्हणणा नाय. कित्याक नाय ता पण सांगता. चार अटी एकमेकांच्या गळ्यात गळो घालून बसल्यात. चारांतली खंयचीय एक उठली की सगळी पंगत बसता." आणि कागदावर त्या चार लिहिलेल्या दाखवल्या. चारच. शंभरेक अटींतून नेमक्या चार.

मी चहा केला. तो त्यांनी हळूहळू प्यायला. मला आता वाटतं, इतका सावकाश चहा पिताना मी त्यांना ना आधी पाहिलं ना नंतर.

म्हणाले, "पालखी पुळणवाडीची, ती कशी उठवतलंय? दोन रविवारांचो नियम सगळ्यांचो. रवलो कौल." आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे काय, नेहमीसारखंच. मी म्हटलं, "मास्तर, देवाचा कौल मी कसा उठवू?"

"बरां," ते म्हणाले. "देवाचो नाय उठवूचो." कप खाली ठेवला. "मगे माझीच उठयतंय."

आणि गेले. एक शब्द होता माझ्या तोंडाशी. एकच. थांबा. संस्कृतात, मराठीत, मालवणीत, कशातही म्हणता आला असता. मी नाही म्हटला. मी चिकू मोजले. अकरा होते.

वेळापत्रक आलं. पास्कू उभा राहिला तेव्हा मी त्याच बैठकीत कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो, वार्ताहर म्हणून. मास्तर "माझी चूक" म्हणाले ते मी उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'संगणकाला फेस्ताचा विसर'. तो मथळा माझा. चांगला जमलाय असं तेव्हा वाटलं होतं.

पुढची दोन वर्षं? पालखी तिथीने सरकली. मीही कौल तिच्याबरोबर सरकवला, मधले दोन रविवार अडलेलेच राहतील असा. पंचांग येतं ना मला. एकदा खोटं बोललेल्या देवाला पुन्हा गप्प कसं करायचं, ते मात्र येईना. कौल मागे घ्यायचा तर कोणी घेतला होता ते सांगावं लागलं असतं. आणि मास्तर दर वर्षी चार अटींचा कागद आणायचे, चहा प्यायचे, विचारायचे, "कौल आसाच ना, नानानू?" मी म्हणायचो, आहेच. ते म्हणायचे, "बरां." दर वर्षी मला वाटायचं, हा माणूस भोळा आहे म्हणून फसतोय. तेवढं एक समाधान माझ्याकडे होतं. सगळं त्यांच्याकडे होतं, पण हुशारी थोडी माझ्याकडे जास्त.

परवा तेही गेलं.

पंधरवड्यात हंगाम सुरू होतोय. रोझीबायने मला बोलावलं आणि मास्तरांची वही दिली. "तुमी बघा, नाना, वेळापत्रक कोणाक तरी करूक व्हया." तीत अटींची यादी आहे. मास्तरांची सवय म्हणजे प्रत्येक अटीपुढे ती कोणाची ते लिहायचं. उधाण: पुळणवाडी. जत्रा: कातळवाडी. पालखी: पुळणवाडी. फेस्त: आमचां. मी पान उलटलं. तीन वर्षांपूर्वीचं पान. त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, ज्या अक्षराचाही मला हेवा होता.

कौल: नाना.

कातळवाडी नाही. देव नाही. नाना. पहिल्या वर्षापासून.

मंडळी, त्यांना माहीत होतं. पडवीत चहा पिताना माहीत होतं. बैठकीत "माझी चूक" म्हणताना माहीत होतं. घरासमोरचा मेव्हणा तोंड फिरवून जायचा तेव्हा माहीत होतं. एक वाक्य त्यांना पुरलं असतं. कातळवाडीला जाऊन विचारलं असतं तर मला या किनाऱ्यावर तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून नाही विचारलं. स्वतःच्या गावात स्वतःची जागा सोडली आणि मला माझी ठेवू दिली.

याचा हेवा कसा करायचा, सांगा मला. बाकी सगळ्याचा जमला. याचा जमत नाही आणि तरी होतोय.

आता काम. हे शोकसभेत शोभत नाही, पण नऊही कप्तान परत एका जागी कधी सापडणार? कौल मी मागे घेतो. तो देवाचा नव्हता, माझा होता. बाबल, तुझ्या गावच्या देवासमोर येऊन नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं तुम्ही घाला, माझ्या नावाने, मोठ्याने. फेस्ताच्या रविवारी खुरीसवाडीला विश्रांती. ती त्यांचीच होती. बाकीचं वेळापत्रक मास्तरांच्या शाळेतल्या नव्या बाई त्या पेटीवर करणार आहेत. अटी गोळा करायला कोणी दुसरा बघा. उद्याच्या अंकात खुलासा येतोय, त्या जुन्या मथळ्याचा. संपादकांना मी फोन केला. म्हटलं, 'वार्ताहराकडून' चालणार नाही, या वेळी नाव छापा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव छापून येईल. वाचा.

पास्कू, तुझा मेव्हणा चुकला नव्हता. मी तुझी तीन वर्षं खाल्ली. ती मला परत करता येत नाहीत. तू गडगा ओलांडून आलास की काय बोलायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं असणार. ते आता तुला कळायचं नाही, आणि ते माझ्यामुळे.

आता, मी पहिला का, ते. सभा सुरू व्हायच्या आधी रोझीबायला मी विचारलं, अहो, फादर असताना मला पहिला कशाला? आणि मग, माझ्याने राहवेना, हळूच विचारलं, "वही तुम्ही वाचली नाही ना?" ती हार सारखा करत होती. हात न थांबवता म्हणाली, "माका वाचूक येता, नाना."

हार सारखा झाल्यावर म्हणाली, "ते म्हणत ना, जेका जागा गावणां कठीण, तेका पयलो बसवचो."

मंडळी, मी बसतो, पण त्याआधी एक. सामना सुरू होण्याआधी मास्तर शिट्टी तोंडात धरून वाजवायच्या आधी क्षणभर थांबायचे, दोन्ही बाजूंकडे बघायचे, सगळे आपापल्या जागी आहेत ना म्हणून. तेवढाच वेळ उभे राहू. आपापल्या जागी. शिट्टी वाजणार नाही. पास्कू खाली बसला की आपण बसू.